बोरमाळ दक्षिणेला कसं सरकलं

धैर्यशील खराडेच्या शेडमध्ये गाडी डायनोवर चढली आणि तिनं जोर लावला, की आमचं गाव सरकतं. गाडीचं तोंड ज्या दिशेला, त्या दिशेला सरकतं, आणि गाडीत जेवढी ताकद तेवढं सरकतं.

बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो आधी डायनो म्हणजे काय ते विचारतो, म्हणून तेवढं सांगून टाकतो. शेडमध्ये जमिनीत दोन जाड लोखंडी रोलर बसवलेत. गाडीची मागची चाकं त्या रोलरवर ठेवायची, गाडी रुंद पट्ट्यांनी जमिनीतल्या कड्यांना आवळून बांधायची आणि मग ॲक्सिलरेटर पार खालपर्यंत दाबायचा. चाकं रोलर फिरवतात, गाडी जागची हलत नाही आणि शेजारच्या कम्प्युटरवर तिची अश्वशक्ती उमटते. असे डायनो पुण्याला आहेत, बेळगावला आहेत. तिथल्या कड्या काँक्रीटमध्ये रोवलेल्या असतात. आमचं बोरमाळ मात्र एकाच अखंड काळ्या कातळावर बसलंय आणि धैर्यशीलनं कड्या त्या कातळात रोवल्या. गाडी पट्टे ओढते, पट्टे कड्या ओढतात, कड्या कातळ ओढतात आणि कातळावर आम्ही राहतो. यात न समजण्यासारखं काही नाही, तरी लोक पुन्हा विचारतात.

माझी पिठाची गिरणी शेडला लागून आहे. त्यामुळं धैर्यशीलचं काम मी पहिल्या दिवसापासून पाहिलं, आणि ज्याचं कौतुक करावं असं माझ्या पाहण्यात फार थोडं आलंय, त्यात ते एक आहे. सुरुवातीला जात्यावरचं पीठ सांडायचं म्हणून मी त्याच्याशी भांडलोही. पुढं सवय झाली. आता ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून पुकारा होतो, "डायनो सुरू होत आहे. दुधाची भांडी धरावीत. झोळीतली मुलं खाली घ्यावीत." मग बायका मांडणीला हात लावून उभ्या राहतात, मी गिरणीचा पट्टा उतरवतो आणि गाव सरकून घेतं. सरकतं ते फक्त गावठाण. शेतं जागच्या जागी राहतात. शेताला जायचं अंतर वाढतं, त्याबद्दल कुणी कुरकुर केली तर सरपंच दिनकर मुळीक सांगतात की चालणं प्रकृतीला चांगलं असतं. त्यांची स्वतःची शेती उत्तरेला आहे.

कारण गाव जायचं ते उत्तरेला. दक्षिण यमाची, म्हणून डायनो बसवला तेव्हाच मुळीकांनी आणि जाणत्या मंडळींनी ठरवून गाडीचं तोंड उत्तरेला येईल असा बसवला. नारळ फोडला, रोलरना हळद-कुंकू लावलं. तोंड कुठंही केलं तरी आकडा तोच येतो हे धैर्यशीलला माहीत होतं, म्हणून तो काही बोलला नाही. तो तसा कमीच बोलतो.

हळूहळू लांबलांबून गाड्या येऊ लागल्या. सांगलीचे, साताऱ्याचे, पार हुबळीचे लोक गाडीत नवा टर्बो बसवून आणायचे आणि विचारायचे, "किती आली?" दुसरीकडच्या डायनोचा कागद कुणालाही मिळतो. आमच्याकडं गाव सरकावं लागतं. एकदा पुण्याचा एक तरुण चारशे अश्वशक्तीचा छापील कागद घेऊन आला. आधी त्यानं माझ्या गिरणीत वायफाय आहे का म्हणून चौकशी केली, मग गाडी चढवली. आवाज असा, की देवळावरची पारवी उडाली. गाव बोटभर हललं नाही. पोरगं घाम पुसत उभं होतं. धैर्यशीलनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "पट्टा सैल ऱ्हायला असंल बघ." पट्टा सैल नव्हता. हा माणूस मला आवडतो तो यासाठी.

त्याची स्वतःची गाडी जुनी, पांढरी, दोन दारांची आणि मागच्या चाकांवर चालणारी होती. त्या एका गाडीवर त्याची कित्येक वर्षं चाललेली तुलना आता गावात लहान पोरांनाही पाठ आहे. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरावर फिरणारा पंखा. फुकट जाणाऱ्या धुराच्या जोरावर तो इंजिनात आणखी हवा कोंबतो. धैर्यशीलकडं असे तीन होते आणि तो इंजिन तेच, पेट्रोल तेच, टायरमधली हवासुद्धा तीच ठेवून फक्त टर्बो बदलायचा. "दुसरं काय बदललं तर मग तुलना कसली?" असं तो म्हणायचा.

पहिला गाडीबरोबर कंपनीतून आलेला. एकशे नव्वद अश्वशक्ती. गाव बैलगाडीच्या लांबीइतकं सरकायचं, तेही इतकं अलगद की झोपलेल्या माणसाला पत्ता लागायचा नाही. दुसरा त्याच अंगाचा, पण आतून सुधारलेला, बेअरिंगवर फिरणारा. दोनशे सत्तर. पाय ठेवल्याबरोबर जागा होणारा, आणि गाव शाळेच्या पटांगणाएवढं पुढं. तिसरा आमटीच्या पातेल्याएवढा. त्याची गोष्ट वेगळी. आधी तो काही करतच नाही. इंजिन ओरडतं, काटा चढत राहतो, माणसं मांडणी धरून एकमेकांची तोंडं बघतात. याला लॅग म्हणतात. आणि मग तो एकदम जागा होतो आणि देऊळ, शाळा, माझी गिरणी असं सगळं एका हिसक्यात ओढतो. तीनशे चाळीस. त्याचा आलेख मी कम्प्युटरवर पाहिलाय. आडवा, आडवा, आणि मग पन्हाळ्याच्या कड्यासारखा उभा.

पारावर यावरून दोन तट पडले होते. म्हाताऱ्यांचं म्हणणं, दुसरा खरा, कारण त्याची ताकद लागेल तेव्हा हातात असते. तरुणांचं म्हणणं, शेवटचा आकडा बघा, बाकी सोडा. धैर्यशीलला विचारलं तर तो एवढंच म्हणायचा, "कुठं जायाचं हाय त्यावर हाय ते."

आणि गावाला कुठं जायचंच नव्हतं, हे त्याच्या आईनं त्याच्या लक्षात आणून दिलं.

अनसाक्का म्हणजे धैर्यशीलची आई. तिचं घर गावाच्या दक्षिण टोकाला, अगदी शेवटचं. गुडघे गेल्यापासून ती ओट्यावरच बसून असते, आणि तिचं पीठ मी स्वतः नेऊन देतो. त्या दिवशी डबा ठेवला तेव्हा धैर्यशील भाकरी खात बसला होता आणि ती समोरच्या माळाकडं बघत होती.

"धैर्या," ती म्हणाली, "हितनं हौशीच्या दारातला शेवगा दिसायचा."

"व्हय."

"आता दिसंना झालाय."

धैर्यशील जेवायचा थांबला.

"तुझ्या गाडीनं मला तिच्यापासनं लांब आणलंय," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. ते जास्त वाईट वाटलं.

हौशी म्हणजे हौसाक्का, अनसाक्काची धाकटी बहीण. माळाच्या पलीकडं दक्षिणेला कासारवेळ आहे, तिथं दिलेली. आई वारल्यावर या दोघींत वाटणी झाली आणि सगळं नीट वाटलं गेलं; अडलं ते आईच्या पाटा-वरवंट्यावर. दोघींनाही तोच हवा. शेवटी अनसाक्कानं पाटा उचलला आणि हौसाक्कानं वरवंटा, आणि भर अंगणात दोघींनी भैरोबाची शपथ घेतली की पुन्हा तुझ्या गावात पाय ठेवणार नाही. शपथ घेताना दोघींनीही वरचा आवाज लावला होता, त्यामुळं मागं घ्यायची सोय राहिली नाही. तेव्हापासून एकीकडं नुसता पाटा आणि दुसरीकडं नुसता वरवंटा. दोघीही चटणी शेजारणीकडून वाटून घेतात.

राग कधीच गेला होता. शपथ तेवढी राहिली होती. धैर्यशीलनं एकदा फोनवर दोघींना समोरासमोर आणलं, तर दोघी फोनच्या कडेकडंच बघत बसल्या आणि शेवटी हौसाक्का म्हणाली, "ह्यात ती लईच बारकी दिसतीय," आणि फोन मुलाला देऊन टाकला.

आता हौसाक्काच्या मुलानं बंगळूरला घर घेतलं होतं. कासारवेळचा ऊस गेला की तो आईला कायमची घेऊन जाणार होता.

"ती गेली की झालंच म्हण," अनसाक्का म्हणाली. "तिनं माझ्या गावात पाय ठेवायचा न्हाई, मी तिच्या. मरताना पण कुणी कुणाकडं जायाचं न्हाई."

मी म्हणालो, "अनसाक्का, गाडीत घालून नेतो की. देव काय एवढं बघतोय?"

"भैरोबा बघतोय," ती म्हणाली. "शपथ त्याची हाय."

धैर्यशील हात धुऊन आला आणि त्यानं एकदा माळाकडं बघितलं. मग म्हणाला, "आई, पाय न्हाई ना ठेवायचा? ओट्यावर बसून ऱ्हायचं. चालंल?"

"ओटा माझाच हाय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ग्रामसभा भरली. गाडी डायनोवर उलट्या बाजूनं चढवायची, म्हणजे तोंड दक्षिणेला येतं, एवढाच ठराव होता. सरपंच मुळीक उभे राहिले आणि म्हणाले की त्यांची वैयक्तिक काही हरकत नाही, परंतु गावाच्या भल्याचा विचार करता दक्षिण ही दिशा बरोबर नाही. तिकडं तोंड करून माणूस जेवतसुद्धा नाही. अख्खं गाव कसं न्यायचं?

अनसाक्काला खुर्चीत बसवून सभेला आणलं होतं. ती म्हणाली, "माझी भैन ऱ्हाती ती दिशा वाईट व्हय?"

मुळीकांनी इकडंतिकडं पाहिलं. त्यांच्या सासुरवाडीचे लोकही कासारवेळचेच. ते म्हणाले, "तसं न्हवं, अनसाक्का."

"मग कसं?"

ठराव एकमतानं मंजूर झाला.

त्यानंतर भूमापन खात्याचे उपळेकर साहेब आले. ते शांत, सभ्य गृहस्थ होते आणि गावात शिरताना वेशीला हात लावून बघत होते. धैर्यशीलच्या शेडमध्ये खुर्ची घेऊन त्यांनी चौकशी केली.

"गाव हलवायची परवानगी घेतली आहे का?"

"गाव मी हलवत न्हाई साहेब. मी गाडी तपासतो."

"गाडी किती अंतर जाणार?"

"गाडी जागेवरच असती."

उपळेकरांनी गाडीखाली वाकून पट्टे पाहिले. गाडी जागेवर होती. ते म्हणाले, "गाडी जागेवर असेल, तर वाहनाच्या परवानगीचा प्रश्न येत नाही. आणि गाव वाहन नाही." मग त्यांनी विचारलं, "वाटेत कुणाची मालकीची जमीन येते?"

"सगळं गायरान हाय."

"गायरानावर अतिक्रमण चालणार नाही."

"थांबणार न्हाई साहेब तिथं. नुसतं जाणार."

"जाण्याला हरकत नाही," उपळेकर म्हणाले. त्यांनी एवढंच बजावलं की कासारवेळच्या हद्दीला शिवायचं नाही, दोन गावांच्या मध्ये एक बोळ मोकळा राहिला पाहिजे. जाताना त्यांनी तिन्ही टर्बो हातात घेऊन पाहिले आणि पातेल्याएवढा खाली ठेवताना म्हणाले, "हा छान आहे." सरकारी माणसाकडून मी असं प्रथमच ऐकलं.

सुरुवात कंपनीच्या टर्बोनं झाली, कारण धैर्यशीलला नव्या दिशेचा अंदाज घ्यायचा होता. गाव दक्षिणेला बैलगाडीभर सरकलं. कुणाला काही झालं नाही. मुळीकांनी तेवढा भैरोबाला नारळ फोडला. मग त्यानं दुसरा टर्बो चढवला आणि आम्ही पटांगणा-पटांगणानं माळ कापायला लागलो. दोन ओढींच्या मध्ये इंजिन गार होईपर्यंत लोक दारात बसून चहा पीत आणि आज काय काय नवं दिसतं ते बघत. अनसाक्का ओट्यावर हलत नव्हती. समोर कासारवेळच्या देवळाचा कळस आला, मग पाण्याची टाकी आली. एके सकाळी ती एवढंच म्हणाली, "शेवगा." मी डोळ्यांवर हात धरून पाहिलं. खरंच शेवगा होता.

आणि तिथंच गाव अडकलं. कासारवेळच्या अलीकडं मुरुमाचा एक चढ आहे, वेताळाचा टेक म्हणतात त्याला. दुसऱ्या टर्बोनं गाव चढाच्या पायथ्याशी नाक लावून उभं राहिलं, पण वर जाईना. पाय ठेवला की थोडं चढायचं, आणि आलेख वरच्या टोकाला वाकला की परत खाली यायचं. दुसऱ्याला सुरुवातीला दम होता, शेवटाला नव्हता. पारावरचे तरुण म्हाताऱ्यांकडं बघून हसले. त्याच दिवशी कासारवेळला ऊसतोडीची टोळी आल्याचं कळलं.

धैर्यशीलनं पातेलं चढवलं. भोंगा झाला. सगळ्यांनी मांडणी धरली. इंजिन ओरडू लागलं, आणि लॅगच्या तेवढ्या वेळात, जोर नसल्यामुळं, गाव चढावरून मागं घसरू लागलं. चढावर लॅग काय करतो ते आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. मग टर्बो जागा झाला आणि असा हिसका बसला की माझ्या गिरणीची चाळण भिंतीवर आपटली, शाळेची घंटा आपोआप वाजली आणि अनसाक्काच्या ओट्यावरून पाटा घसरत अंगणात गेला. गाव अर्ध्या चढावर जाऊन थांबलं, आणि पाय काढल्यावर परत पायथ्याला आलं.

मी धावत गेलो. पाटा पालथा पडला होता. उचलून पाहिला. फुटला नव्हता, एका कोपऱ्याचा टवका तेवढा गेला होता. अनसाक्कानं तो मांडीवर घेतला, पदरानं पुसला आणि तिला रडू आलं.

"फुटला असता," ती म्हणाली, "तर कुठल्या तोंडानं जायाचं हुतं मी?"

धैर्यशील दारात उभा होता. त्याचा चेहरा मला बघवला नाही. इतकी वर्षं त्यानं हे तीन टर्बो शेजारी शेजारी ठेवून मोजले होते. कुणाचा जोर लवकर, कुणाचा उशिरा, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि ज्या एका कामासाठी ते सगळं व्हायला हवं होतं तिथं एकही पुरत नव्हता. त्या संध्याकाळी त्यानं शेड लवकर बंद केलं. कासारवेळच्या बाजूनं उसाच्या पाचटाचा धूर येत होता.

दुसऱ्या दिवशी मी पीठ घेऊन गेलो तर तो आईसमोर बसून ताटात दोन भाकरी मांडत होता, एक लहान, एक मोठी. खात नव्हता.

"मामा," तो मला म्हणाला, "मी येडाच हाय. कुठला चांगला, कुठला चांगला करत बसलो. दोन्ही लावायचं."

मला कळलं नाही. त्यानं भाकऱ्यांवर समजावून दिलं. सुरुवातीला सगळा धूर धाकट्याकडं, म्हणजे दुसऱ्या टर्बोकडं द्यायचा. धाकटा लगेच फिरतो, इंजिनाला हवा देतो, त्यामुळं इंजिनाचा धूर वाढतो. तो वाढलेला धूर थोडा थोडा करून थोरल्याकडं, म्हणजे पातेल्याकडं वळवायचा. थोरला जागा होईपर्यंत धाकट्यानं भार उचलायचा, आणि थोरला जागा झाला की धाकट्यानं बाजूला व्हायचं. मध्ये हिसका नाही, लॅग नाही.

"म्हंजे धाकटा थोरल्याला उठवणार," मी म्हणालो.

"थोरल्याला उठायला येळच लागतो," अनसाक्का म्हणाली. "हौशीच मला उठवायची लहानपणी."

त्यानंतर शेडमध्ये जे चाललं त्याचं वर्णन करायला मी अपुरा आहे. नळ्या वाकवायच्या, वेल्डिंग करायचं, झडप बसवायची, ती कधी उघडावी हे ठरवायचं, चालवून बघायचं, पुन्हा उघडायचं. गावातला प्रत्येक माणूस जाता-येता थांबत होता, पण कुणी सल्ला देत नव्हतं. आमच्या गावात हे किती दुर्मीळ आहे ते इथं राहणाऱ्यालाच कळेल. पारावरचे दोन्ही तट एकाच बाकावर बसू लागले. मुळीकांनी आपण होऊन भोंगा दुरुस्त करून घेतला.

गाडी तयार झाली तेव्हा कासारवेळला शेवटचा फड तोडायला घेतला होता, आणि हौसाक्काच्या मुलाची गाडी दारात उभी होती. आमच्या शाळेच्या छपरावर चढलं की ती टेकाच्या वरून दिसत होती. शेवग्याखाली कुणीतरी बोचकी आणून ठेवत होतं.

भोंगा झाला. "दुधाची भांडी धरावीत." धैर्यशीलनं पाय ठेवला.

आयुष्यात मी पुष्कळ इंजिनं ऐकली, गिरणीचंच धरलं तरी तीन झाली. असं ऐकलं नाही. आधी धाकट्याची बारीक शीळ आली, स्वच्छ, आणि गाव चढाला लागलं. मागं घसरलं नाही. शीळ जराशी चढली आणि तिच्या खालून थोरल्याचा खर्ज उठू लागला. कधी एक संपला आणि कधी दुसरा सुरू झाला, ते मला सांगता येणार नाही. मी कम्प्युटरकडं पाहिलं. आलेख सुरुवातीलाच वर गेला होता आणि वरच राहिला होता. तीनशे अठ्ठ्याऐंशी. देऊळ, शाळा, पार, चिंचेची झाडं, गोठ्यातली जनावरं आणि आम्ही सगळे वेताळाचा टेक चढलो, आणि माझ्या गिरणीच्या टोपल्यातलं पीठ सांडलं नाही. पाराकडून कुणीतरी ओरडलं, "नाद खुळा!"

टेकाच्या पलीकडं उतार होता. गाव आपोआप उतरलं, आणि धैर्यशीलनं हलक्या पायानं नेत नेत ते कासारवेळच्या पहिल्या घरासमोर आणून उभं केलं. मधे बोळ सोडला. बैलगाडी जाईल एवढा. शेवग्याची एक फांदी अनसाक्काच्या ओट्यावर आली.

मी धावत अनसाक्काच्या ओट्याशी गेलो, तर समोरच्या ओट्यावर हौसाक्का बसली होती. प्रवासाचं लुगडं नेसून. तिचे ओठ हलत होते.

"काय म्हणतीस?" अनसाक्का ओरडली.

हौसाक्का पुन्हा काही बोलली. ऐकू येईना.

"धैर्या, ते बंद कर!" अनसाक्का म्हणाली.

मी शेडकडं हात केला. इंजिन थांबलं. एवढी शांतता आमच्या गावात बऱ्याच वर्षांत झाली नव्हती.

"आलीस व्हय शेवटी?" हौसाक्का म्हणाली.

"मी कुठं आलो?" अनसाक्का म्हणाली. "गाव आलंय."

हौसाक्कानं बोळाकडं पाहिलं, बहिणीच्या पायांकडं पाहिलं. पाय ओट्यावरच होते. ते पाहून तिचं समाधान झालं. मुलाला तिनं बोचकं सोडायला लावलं, आतून वरवंटा काढला आणि तो बोळातून अनसाक्काच्या ओट्यावर पाठवून दिला. वरवंट्यावर शपथ नव्हती. अनसाक्कानं लसूण, मिरची आणि खोबरं घेतलं आणि वाटायला बसली. हौसाक्का पलीकडून सांगत होती, मीठ आधी घाल, असं नको, आई असं करायची न्हाई. अनसाक्का सांगत होती की आई असंच करायची. दोघी मोठ्यानं भांडत होत्या आणि दोघींचेही डोळे वाहत होते. मिरचीमुळं असेल असं मुळीक म्हणाले. मी त्यांच्याकडं बघितलं.

चटणी दोन्ही गावांत वाटली. चांगली झाली होती.

मग हौसाक्काच्या मुलानं घड्याळ पाहिलं. हौसाक्का म्हणाली, "वरवंटा दे माघारी."

"ठेव की हितंच."

"माझ्या वाट्याचा हाय," हौसाक्का म्हणाली. तिनं तो धुऊन घेतला, लुगड्यात गुंडाळला आणि मांडीवर घेऊन गाडीत बसली. गाडी शेवग्याखालून निघून डांबरी रस्त्याला लागली. अनसाक्का पाट्यावर हात ठेवून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली.

धैर्यशील हात पुसत ओट्याशी आला. आई काय म्हणते याची तो वाट बघत होता.

"बंगळूर कुठल्या अंगाला आलं रं?" तिनं विचारलं.

"दक्षिणेलाच," तो म्हणाला. "कासारवेळला जरा डावीकडनं वळसा घालून जायाला लागंल."

"चढ हाईत?"

धैर्यशीलनं रस्त्याकडं पाहिलं, मग मागं वळून शेडमधल्या पांढऱ्या गाडीकडं पाहिलं. "हाईत," तो म्हणाला. "धाकटा हाच चालंल. थोरला जरा मोठा बघतो."

मुळीक भोंग्याकडं गेले. मी गिरणीत जाऊन पट्टा उतरवून ठेवला.